बानाबाईची काचपूड

हर्सूलच्या बानाबाईनं लग्नाआधी मेंढरं राखली आणि पुढं बारा वर्षं शहरातल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत काचेची भांडी धुतली. तिच्या हातून चंबू फुटायचा तो क्वचितच. फुटलाच तर ती तुकडे खलात घालून, पाणी टाकून, नाकाला फडकं बांधून बारीक कुटायची. करपलेल्या बुडाला त्या पुडीसारखं दुसरं काही लागू पडत नसे.

१९९३ च्या दिवाळीनंतर रामकिसन नावाचा संशोधक तिच्यावर तडकला. औषधाच्या कामाचं एक संयुग तो बनवत होता. त्यात जहाल आम्ल घालावं लागे आणि शेवटी ते मोरीत सोडावं लागे. आम्लाशिवाय काहीच घडत नाही, हे पडताळायला त्यानं एक चंबू बिनआम्लाचा ठेवला, तर नेमका त्यातच भरपूर माल तयार झाला.

"मावशी, चंबू नीट धुतला नाही तुम्ही. आम्ल राहिलंय त्यात."

बानाबाईला ते लागलं. "माझ्या धुण्याला आजवर कुणी नावं ठेवली नाय. आम्ल नसंल ते. काच असंल, बुडाला चिकटलेली. पुडीनं घासलाय म्या."

दुसऱ्या दिवशी रामकिसननं तिच्याकडून चमचाभर पूड मागून घेतली आणि दोन चंबू मांडले. नुसता होता तो दुपारपर्यंत तसाच राहिला. पूड घातलेल्यात पिवळे स्फटिक धरले. शिवाय पूड खर्ची पडत नव्हती. गाळली, धुतली, वाळवली की पुन्हा कामाला तयार.

त्याचे मार्गदर्शक नानासाहेब सर महिन्या-दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. ते म्हणाले, "तीच पूड सात वेळा वापर. सातवी खेप दुसऱ्याच्या हातून. मग सही करतो."

सहा खेपा झाल्या आणि जानेवारी उजाडला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातमीनं शहर तापलं, बस बंद झाल्या. शाळेत असल्यापासून नामांतराच्या मोर्च्यात चालणारा रामकिसन बंदोबस्तामुळं आपल्या वस्तीतच अडकला. सातवी खेप करणारा सोबतीही गावी राहिला. सरांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

बानाबाई पायी निघाली, तसा दीर सोनाजी दारात आडवा आला. "गावात लोक काय बोलत्यात ठाव हाय ना? त्यांच्या माणसासाठी कशाला जातीस?"

"पूड माझी हाय, सोनाजी भाऊजी. खोटी ठरली तर मलाच बोल," असं म्हणून ती चालू लागली.

सरांनी रसायनशाळेचं कुलूप उघडलं. "तुम्ही करणार?"

"सहा डाव बघितलंय, साहेब."

तिनं पूड वाळवली, तोलली, पाणी कोमट राखलं. सर खुर्चीत बसून तास मोजत राहिले. माल पहिल्या खेपेपेक्षा थोडा कमी भरला, पण स्वच्छ निघाला. सरांनी तिथंच वहीत सही केली आणि करणाऱ्याच्या नावाच्या जागी 'बानाबाई' लिहिलं.

रामकिसनच्या पदवीवर विद्यापीठाचं नवं नाव आलं. पुढं चितेगावच्या एका कारखान्याचे रसायनतज्ज्ञ पूड बघायला आले. "बाई, कोणती चाळणी वापरता?" त्यांनी विचारलं.

"जुन्या लुगड्याचा पदर," ती म्हणाली. "दुहेरी घ्यावा लागतो."

त्यांनी तेही लिहून घेतलं.