नसलेला सिग्नल

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रेल्वेत ड्रायव्हर आहेत, आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडणं म्हणजे नुसता छळ आहे. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा होतो, सगळी माणसं चालायला लागतात, आणि हे मात्र उभे. हात लांब करायचा, दोन बोटं दिव्याकडे रोखायची आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, ‘हिरवा.’ मग आपणही म्हणायचं, ‘हिरवा.’ आपण म्हटलं नाही तर ते हलत नाहीत. मी एकदा हट्टाने तोंड मिटून बसले, तर दिवा पुन्हा लाल झाला आणि आम्ही दोघं फुटपाथवर खांबासारखे. गल्लीतली पोरं त्यांना सिग्नलकाका म्हणतात आणि ते त्या नावाला बिनदिक्कत ओ देतात.

ही त्यांच्या कामाची रीत. पूर्वी इंजिनाच्या केबिनमध्ये दोघं असायचे, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकाने बोट दाखवून रंग मोठ्याने सांगायचा, आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच रंग परत म्हणायचा. एकाचे डोळे फसले तरी दुसऱ्याचे जागे असावेत, एवढीच त्यातली गोष्ट. दाजींनी ती घरातही आणली. बाहेर पडताना गॅसकडे बोट, ‘बंद.’ ताई म्हणणार, ‘बंद.’ मग नळ, मग मागचं दार. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा आईला घरी येऊन सांगितलं होतं की पोरगी फसली आपली. पण खरं सांगायचं तर त्या घरात कधी पातेलं करपलेलं मी पाहिलं नाही. माझ्या घरात आठवड्याला एक करपतं.

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घरासमोरच आहे. ड्रायव्हरची झोप वेळीअवेळी, म्हणून त्यांच्या झोपायच्या खोलीला मी जाड दुहेरी पडदे शिवून दिले, आतून काळं अस्तर लावून. भर दुपारी तिथे हाताला हात दिसत नाही. पण अंधाराने झोप येते असं थोडंच आहे? तासाभराने आतून दाजींचा घाबरा आवाज यायचा, ‘दिसतोय का?’ ताई हातातलं असेल ते टाकून दाराशी जायची आणि म्हणायची, ‘दिसतोय. हिरवा.’ मग ते उसासा टाकून कूस बदलायचे. उठल्यावर त्यांना यातलं काहीच आठवत नसे. ताईने इतक्या वर्षांत त्यांना हे सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी गदागदा हलवून उठवलं असतं.

हे झोपेतलं बोलणं आलं ते धुक्यातून. दाजी तरुण असताना, असिस्टंट असताना, त्यांची गाडी एकदा दाट धुक्यात बिघडून उभी राहिली. अशा वेळी असिस्टंटने लाल झेंडा घेऊन मागे पळायचं आणि रुळावर चाकाखाली फुटणारे फटाके ठेवायचे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आवाजाने तरी कळेल. दाजी पळाले. गाडी दिसायच्या आधी त्यांना ऐकू आली. रूळ थरथरायला लागले तरी समोर नुसता पांढरा कापूस. ती थांबली तेव्हा इंजिनाची धग त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांनी हे ताईला एकदाच सांगितलं. पुढे धुकं पडलं की ताईचंही जेवणावरून लक्ष उडायचं.

मग नवी यंत्रणा आली. आता सिग्नल रुळाशेजारी शोधायचा नाही, तोच केबिनमध्ये येतो. समोरच्या पडद्यावर हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी, आणि किती वेगाने जायचं तो आकडा. ड्रायव्हर चुकला तर ब्रेक आपोआप लागतो. म्हणून असिस्टंटची खुर्ची रिकामी झाली, आणि काही दिवसांनी सिग्नलचे खांबही एकेक करून कापून नेले. दाजींना मी चिडवलं की नवी सून आली, आता सासूबाईंनी माळ घेऊन बसायचं. ते हसले, पण त्या सुनेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तिने खोटं सांगितलं तर? एका तारेत पाणी शिरलं तर? आणि बोलायचं कोणाशी, पडद्याशी?

शिकवणीत ते नापास झाले, असं कुणी समजू नये. शिकवायला एक तरुण बाई होत्या, बोलणं स्वच्छ, घाई नाही. त्यांचं नाव निघालं की दाजी ‘आमच्या मास्तरीणबाई’ म्हणायचे. परीक्षा चांगली गेली. फक्त केबिनमध्ये ते गप्प झाले. बोट खाली आलं, आवाज बंद. आणि केबिनमधलं सगळं बोलणं घरी साचायला लागलं. गॅसपाशी ते इतक्या जोरात ‘बंद’ म्हणायचे की शेजारीण आपलाही गॅस बघून यायची.

व्हायला नको होतं ते धुक्यातच झालं. सकाळची प्रवासी गाडी, बाटल्यांच्या कारखान्यामागचं वळण. त्या वळणावर एक सिग्नल होता, आणि पुढचं लहान स्टेशन मोकळं व्हायला वेळ लागत असल्यामुळे तो बहुतेक वेळा लालच मिळायचा. दाजींनी अर्धं आयुष्य त्याच्यासमोर उभं राहून काढलं होतं. त्या सकाळी काचेबाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पडदा हिरवा होता. वळण आलं, आणि दाजींनी ब्रेक लावून गाडी उभी केली.

गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलने वायरलेसवर विचारलं, का थांबलात? दाजींनी सांगितलं, सिग्नल लाल आहे.  मग कंट्रोलचा माणूस हळूच म्हणाला, ‘कुठला सिग्नल? तिथे आता सिग्नल नाही.’

माणसं घरापर्यंत सोडायला येत नाहीत, पण बातमी येते. दाजी घरी पोचायच्या आधी गल्लीला कळलं होतं की सिग्नलकाकांनी नसलेल्या सिग्नलला गाडी थांबवली. कामावर जाणारी माणसं उशिरा पोचली, स्टेशनात आरडाओरडा झाला. दाजींना गाडीवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, नंतर बघू. नंतर काय बघणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या डोळ्यांना नाही ते दिसतं, त्याला गाडी कोण देईल? उरलेली वर्षं यार्डाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं, नाहीतर कपाटातल्या फायली लावायच्या. दुसऱ्या कुणाला ते चाललं असतं. दाजींना गाडीखेरीज काही येत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते पुलावर जाऊन गाड्या बघतात.

त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी शिलाई उसवते. चांगला सदरा दोनदा उसवला. दाजी दिवसभर खिडकीशी बसायचे. गॅसपाशी जाऊन बोट दाखवायचे, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. आणि दुपारची हाक बदलली. पूर्वी विचारायचे, दिसतोय का? आता आतून यायचं, ‘कुठला सिग्नल?’  ताई दाराशी नुसती उभी राहायची, पदराशी चाळा करत. तिला उत्तर सापडत नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

चौकशीला ताईला जाववेना, म्हणून मी गेले. आत येऊ देत नाहीत. मी बाहेर बाकावर बसले, पण भिंत होती फळ्यांची. मी कान लावला नव्हता, कान होताच तिथे.

साहेब वयस्क होते, आवाज कोरडा. त्यांनी सरळ विचारलं की सिग्नल खरंच दिसला, की आता सांगताय? मी मनात म्हटलं, दाजी, काहीतरी सांगा, चक्कर आली म्हणा, काच पुसत होतो म्हणा. दाजी म्हणाले, दिसला. लाल दिसला. तो तिथे नाही हे माहीत होतं, तरी दिसला. मी कपाळाला हात लावला. गेली गाडी.

मग साहेबांनी विचारलं, ‘तुमचा या यंत्रणेवर भरवसा नाही का?’

‘नव्हता,’ दाजी म्हणाले. ‘त्या सकाळपर्यंत नव्हता.’  फळीपलीकडे खुर्ची करकरली. ‘तिथे सिग्नल नाही, असं कंट्रोलने सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठलो. माझ्या मागे गाडी होती, साहेब. मी झेंडा उचलला, दार उघडलं, मागे पळायला निघालो. तर कंट्रोलचा माणूस म्हणाला, मागची गाडी थांबलीय. तिच्या पडद्यावर लाल आलंय. तुम्ही बसा. इतक्या वर्षांत धुक्यात मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसलो. रडलो थोडा, तेही लिहा.’

कुणी लिहिलं की नाही, कळलं नाही. बाकावर मीही रडत होते आणि रुमाल दुकानात राहिला होता.

पुढे बोलल्या त्या मास्तरीणबाई. दाजी घरी बसले होते तेवढ्या दिवसांत त्या इतर ड्रायव्हरांच्या केबिनमध्ये बसून त्याच मार्गावर फिरल्या होत्या. कारखान्यामागचं वळण आलं की जुन्या माणसांचा हात आपोआप ब्रेककडे जातो, असं त्यांनी सांगितलं. लख्ख उन्हातसुद्धा जातो. कुणाला विचारलं तर म्हणतात, छे, मी कुठे? धुकं नव्हतं म्हणून ते थांबले नाहीत, एवढाच फरक. ‘पडदा बघायला मी यांना शिकवलं,’ त्या म्हणाल्या. ‘खांब विसरायला शिकवलं नाही. आणि यांचं बोलणं मी बंद होऊ दिलं. पडद्यावर रंग दिसतोच आहे, आता कशाला ओरडायचं, असं मलाही वाटलं होतं.’

साहेबांनी विचारलं, एकट्या माणसाने बोलायचं तरी कोणाशी? त्या म्हणाल्या, स्वतःशी. बोट पडद्याकडे, रंग मोठ्याने, आणि मग स्वतःच परत म्हणायचा. तोंडाने हिरवा म्हटलं की डोळ्यांना लाल बघणं जड जातं.

 शेवटी साहेब म्हणाले की चूक ती चूक, तिची नोंद राहील, लोकांना उशीर झालाय. पण ही थांबण्याची चूक आहे, पुढे जाण्याची नव्हे, आणि मागच्या माणसाला यंत्राने सांभाळलंय. बाईंबरोबर पुन्हा शिका, मग गाडी घ्या.

दाजी बाहेर आले. मी विचारलंच नाही काही, मला सगळं ऐकू आलं होतं, पण त्यांना सांगायचं होतं म्हणून मी न ऐकल्यासारखं तोंड केलं. रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. दिवा हिरवा झाला. त्यांनी हात लांब केला, दोन बोटं रोखली आणि म्हणाले, ‘हिरवा.’ मी डोळे पुसत राहिले. मागची माणसं वैतागली. दाजी म्हणाले, ‘टेलरबाई, म्हणा की, घरी ताई वाट बघतेय.’ मग म्हटलं.

घरी ताईने ऐकलं आणि ती खाली बसली, तिथेच, उंबऱ्याशी. नंतर उठून गॅस पेटवला आणि चहा ठेवला. साखर घालायला विसरली. आम्ही तिघं तसाच प्यायलो आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दाजी आता गाडीवर आहेत. केबिनमध्ये एकटेच बडबडतात आणि ते चालतं. त्या नव्या सुनेची आता तक्रार करतात, पण घरच्या माणसाची करावी तशी. बोलते फार, म्हणतात, जरा वेग वाढला की टोकते. परवा पुन्हा तसंच धुकं पडलं होतं. दाजी त्यातूनच गाडी घेऊन आले, जेवले आणि पडदे ओढून झोपले. पडद्याची एक कडी निसटली होती, ती शिवायला मी गेले होते. बाहेरच्या खोलीत बसून सुईत दोरा ओवत होते. ताई भाजी निवडत होती, पण तिचं लक्ष आतल्या दाराकडे. हाकेची वेळ झाली. हाक आली नाही. आणखी थोडा वेळ गेला. ताई उठून दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मी म्हटलं, अगं झोपलेत ते, झोपू दे ना. पण इतक्या वर्षांची सवय, तिला राहवेना. दार किलकिलं करून ती हळूच म्हणाली, ‘हिरवा.’

आतून, भर झोपेतून, शांत आवाज आला, ‘हिरवा.’ मग घोरणं सुरू झालं.

ताई दार लोटून परत आली आणि भाजी पुढ्यात घेऊन बसली. मला म्हणाली, कडी उद्या शीव, आत्ता आत जाऊ नकोस.