नाव दुमडलेला पेपर

नलिनीचा फोन आला तेव्हा मी कुकटपल्लीला मुलाकडे होते आणि नातवाचं प्रगतिपुस्तक वाचत होते. प्रगतिपुस्तक म्हणायचं आपलं, त्यात एकही आकडा नव्हता. 'अर्णव उमलतो आहे' असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली फुलाचं चित्र. हे गजभारेबाईंना दाखवलं तर त्या काय म्हणतील, या विचाराने मी एकटीच हसत बसले होते. तेवढ्यात फोनवर त्यांचंच नाव आलं. "शंभर वर्षं आयुष्य आहे हो तुम्हाला!" असं म्हणतच मी फोन उचलला... पलीकडे त्यांची मुलगी नलिनी होती. "मावशी, आई गेली. सकाळी कपडे वाळत घालू लाली होती. बादली तशीच आहे अजून." फुलाचं चित्र बराच वेळ माझ्या मांडीवर होतं.

सुलोचना गजभारे आणि मी हैदराबादेत काचीगुड्याजवळच्या एका मराठी शाळेत बरोबर नोकरीला लागलो आणि मागेपुढे निवृत्त झालो. त्या नांदेडकडच्या, गणिताच्या. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, मराठीची. पुण्याहून आलेली हे मी त्या काळी न विचारताही सांगत असे. खांद्याला शबनम, कपाळावर मोठं कुंकू आणि डोक्यात एक ठाम मत की परीक्षा हा मुलांवरचा अत्याचार आहे. एका पुरवणीत माझा तसा लेखही आला होता. त्यात 'कळी', 'उमलणे' आणि 'माळी' हे शब्द इतक्या वेळा होते की वाचणाऱ्याला शिंका याव्यात. नुसता लेख लिहून मी थांबले असते तर ठीक होतं. पण मी माझ्या वर्गाची चाचणीच रद्द केली आणि प्रत्येक मुलाला 'छान', 'फार छान' असे शेरे दिले. दुसऱ्या दिवशी रेल्वेत काम करणारे एक पालक शाळेत हजर. "बाई, पास है क्या फेल है, वो बोलो." मी त्यांना फुलांविषयी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सबीच अच्छे, तो मेरे बच्चे कू आता क्या है?" माझ्या पोराला येतं काय, असं. कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या गजभारेबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या हे मी लगेच ओळखलं, आणि त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं. पुढे त्यालाच मैत्री म्हणायची सवय लागली.

बाईंची पेपर तपासायची एक तऱ्हा होती. गठ्ठा हातात आला की प्रत्येक पेपरचं नावाचं पान त्या मागे दुमडत आणि त्याला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावत. साधी वीस मार्कांची चाचणी असली तरी. सगळे पेपर तपासून, बेरजा दोनदा करून झाल्यावरच चिमटे निघायचे. परीक्षांच्या दिवसांत त्यांच्या पर्समध्ये पैशांपेक्षा चिमटेच जास्त, आणि अंबरपेठेतल्या त्यांच्या घरचे कपडे मग वाऱ्यावर. मिस्टरांचा बनियन उडून खाली पडला की तळमजल्यावरच्या यादम्मा तो झटकून वर हाक मारायच्या, "टीचरम्मा, परीक्षलु वच्चाया?" परीक्षा आल्या का, असं. अख्ख्या गल्लीला शाळेचं वेळापत्रक त्या बनियनवरून कळायचं.

मला अर्थातच ही तऱ्हा हास्यास्पद वाटायची. मी मुद्दाम त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसे. "अहो बाई, कशाला लपवता? ही संगीताच. तिचा 'ण' बघा, पोट पुढे काढून उभा आहे. आणि हा डाग तेलाचा, म्हणजे महेशचा पेपर, त्याचा डबा नेहमी गळतो."

"तुम्ही गप बसताव का जरा?"

"गंमत केली."

"तुम्हाला गंमत वाटू लाली," त्या म्हणायच्या, आणि पेपर घेऊन दुसऱ्या टेबलाशी जायच्या.

ती गंमत नव्हती हे मला फार उशिरा कळलं. दहावीच्या पेपर तपासणीला आम्ही दोघी जात असू. मोठा हॉल, सगळ्या माध्यमांचे शिक्षक, पेपरावर फक्त क्रमांक. मी तिथे आंबट तोंड करून बसायची. बाई मात्र लग्नाला निघाल्यासारख्या ठेवणीतली साडी नेसून यायच्या. एकदा दुपारच्या डब्याला मी विचारलं, की या कारखान्यात एवढं नटून यायचं काय कारण? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं घेतलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं. "आमच्या गावचे मास्तर पेपर द्यायच्या आधीच मार्क सांगायचे. तुला बस झाले पस्तीस, म्हणायचे. सातवीचा पेपर तालुक्याला होता. बाहेरचे मास्तर तपासणार, वर नुसता नंबर. मी केंद्रात पहिली आले. तर मास्तर म्हणाले, काहीतरी चूक झाली असंल. लिहून विचारलं त्यांनी वर." त्या थांबल्या. मग बोट चाटून म्हणाल्या, "चूक नव्हती." आणि डबा बंद करून उठल्या... मी पुण्यात शिकले तेव्हा माझं नाव पेपरावर ठळक असायचं आणि ते वाचून कुणाची लेखणी अडखळल्याचं मला आठवत नाही. 'उमलणे' हा शब्द मी त्यानंतरही वापरला, पण जरा जपून.

भांडण मात्र थांबलं नाही. दर निवडणुकीच्या सुमाराला परीक्षांचा विषय वर येतोच. एक सरकार म्हणतं सगळ्या शाळांना एकच पेपर, दुसरं म्हणतं नको, तिसरं म्हणतं घेऊ पण नापास करणार नाही. आम्ही दोघी निवृत्त झालो तरी प्रत्येक बातमीगणिक फोन व्हायचा. मी म्हणायची, ताप मोजून ताप उतरतो का हो? त्या म्हणायच्या, मोजल्याबिगर डॉक्टर तरी कोण बोलावतंय? मागच्या वर्षी पुन्हा टूम निघाली. पाचवीला आणि आठवीला सगळ्या माध्यमांना एक पेपर. नापास झालं तर एक संधी, त्यातही राहिलं तर वर्ग तोच. आमच्या शाळेत पालकांची सभा बोलावली गेली. आमच्यासारख्या भाषिक अल्पसंख्याक शाळांना या पेपरातून सूट मिळवून देतो, असं सांगायला एक पुढारीही आले होते. मी भाषण लिहून नेलं होतं. चांगलं झालं. टाळ्या पडल्या. आता एक गोष्ट त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होती. बाईंची नात, नलिनीची मुलगी प्रज्ञा, घरात आणि गल्लीत जिला चिन्नी म्हणतात, याच शाळेत पाचवीत होती आणि गणितात कच्ची होती. सूट मिळाली तर पोरगी सहज पुढच्या वर्गात जाणार, पेपर आला तर अडकणार. त्यामुळे बाई उठल्या तेव्हा मला वाटलं, या वेळी तरी या माझ्या बाजूने बोलतील.

त्या पुढाऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, आमच्या लहानपणी शाळेत आम्हाला माठ वेगळा होता. आता ह्या लेकरांना पेपर वेगळा ठेवू लालाव का?"

पुढारी म्हणाले, "तसं नाही हो, अम्मा, सवलत आहे ही."

"माठ बी सवलतच म्हणून ठेवला होता. पेपर एकच पाहिजे. पण मराठीत उतरवताना कळंल असा उतरवा. मागच्या सरावाच्या पेपरात गणित सोडवायच्या आधी मला प्रश्न सोडवावा लागला. ते नीट करा, त्याच्यासाठी भांडा." मग माझ्याकडे वळून, "ह्या देशपांडेबाईंना बसवा ना त्या कामाला. रिकाम्याच असतात."

हशा झाला आणि सूट मागायचा ठराव बारगळला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे फोन करून तसं सांगितलं, आणि मग पेपरातलं मराठी सुधारून द्यायला त्यांच्याच घरी जाऊन बसले. तो मसुदा आम्ही वर पाठवला. पुढच्या पेपरातली काही वाक्यं चक्क आमची होती. काही होती तशीच राहिली.

चिन्नी गणितात नापास झाली. निकालाच्या दुपारी मी अंबरपेठेत गेले. मनात वाईट वाटत होतं आणि, खोटं कशाला सांगू, जिंकल्याचा थोडा आनंदही होता. "बघा, बाई. हीच ना तुमची न्यायाची परीक्षा?"

"हौ. न्यायच झाला," त्या म्हणाल्या. "तिला भागाकार येत नाही. हे मला आज कळलं. तुमच्या 'छान छान'नं एवढी वर्षं कळू दिलं नाही."

"मी कधी शिकवलं तिला? मी केव्हाच निवृत्त झाले!"

"तुमच्यासारख्याच कुणीतरी लिहिलं असंल."

बोलायला त्या अशा. पण चहा ठेवायला उठल्या तेव्हा साखरेऐवजी मिठाच्या डब्यात चमचा घातला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या. मी चमचा काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या चिन्नीला घेऊन बसल्या. रोज सकाळी, कपडे वाळत घालायच्या आधी. फेरपरीक्षेपर्यंत हात नीट बसेल, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. दोन अंकी भाजकापर्यंत आल्या होत्या... तिथेच राहिलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी पांढऱ्या साडीतल्या बायकांची दाटी होती. बुद्धवंदना झाली, जुने विद्यार्थी बोलले. एक जण आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, "बाईंनी मला कधी जास्त मार्क दिले नाहीत," आणि रडायला लागला. निघताना नलिनीने माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. आत चिमटे होते, ऊन खाऊन राखाडी पडलेले, काहींच्या तारेला गंज. "मावशी, एक मागू? चिन्नीची फेरपरीक्षा आली जवळ. मला बँकेतून यायला उशीर होतो. तुम्ही बघाल का तिचा भागाकार?" परीक्षेविरुद्ध जन्मभर बोललेल्या, गणिताला भिऊन मराठी घेतलेल्या बाईकडे हे मागणं! बाई वरून खांदे हलवत हसत असणार. मी हो म्हटलं. आधी स्वतः भागाकार शिकले, अर्णवकडून. तो उमलतो आहे ते खरं आहे, त्याला येतो.

आता चिन्नी रविवारी माझ्याकडे बरकतपुऱ्याला येते. परवा मी तिला पूर्ण पेपर घातला. तिने जीभ बाहेर काढून सोडवला, मग उठून बाल्कनीत गेली, माझ्या दोरीवरचा एक चिमटा काढून आणला, नावाचं पान मागे दुमडलं, चिमटा लावला आणि पेपर माझ्यासमोर ठेवला.

"अगं, खोलीत तू एकटी, पेपर एक. मला कळत नाही का कुणाचा आहे?"

"आज्जी म्हणायची, नाव बघायचं नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी तपासायला घेतला. शेवटच्या उदाहरणात सगळी रीत बरोबर, फक्त अखेरची वजाबाकी चुकलेली. तेवढा अर्धा मार्क दिला की पोरगी पास. माझ्या आतली ती शबनमवाली तरुण बाई ताडकन उठून बसली. म्हणाली, दे गं, रीत तर आली आहे, कळी आहे, आजी गेली आहे तिची... पेन्सिल टेकवलीही होती मी. कागदाच्या डोक्यावर तो चिमटा बसला होता. मी वजाबाकीखाली रेघ मारली आणि अर्धा मार्क कापला. बेरीज दोनदा केली.

"किती पडले?" चिन्नीने भिंतीकडे बघतच विचारलं.

"कुणाला?"

ती वळली. तिचे खांदे हलायला लागले. "मला काय माहीत? नाव कुठं दिसू लालंय?"

मी मार्क सांगितले. थोडक्यात राहिलं, हेही सांगितलं. वजाबाकी कुठे घसरली ते तिने स्वतःच शोधलं, ओठ चावले, पुसलं, पुन्हा केलं. मग चिमटा काढून फ्रॉकच्या कडेला अडकवला आणि म्हणाली, "दुसरा द्या."

मी दुसरा पेपर घातला. ती डोकं खाली घालून बसली तेवढ्यात वाऱ्याने बाल्कनीतला माझा टॉवेल दोरीवरून सुटला आणि खाली गेला. खालून वॉचमनची हाक आली, "अम्मा, टॉवेल!"

"राहू दे," मी वरूनच म्हटलं. "परीक्षलु वच्चायि."