आधी रेघ बघा

"बसा. आधी रेघ बघा, मग पळा."

भूकंपमापन केंद्रात कुणीही धापा टाकत आलं की केंद्र सांभाळणाऱ्या बाई एवढंच म्हणत. जमिनीतून गुरगुर ऐकू आली की किल्लारीच्या आसपासची माणसं अजूनही हातातलं काम टाकून अंगणात येतात. त्यातली चार-दोन थेट केंद्र गाठत. बाई त्यांना खुर्ची देत, दुष्काळातही अर्धा तांब्या पाणी देत आणि कागदावर सुईने उमटलेली रेघ दाखवत. रेघ सरळ दिसली की माणूस ओशाळून घरी जाई. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. सगळा गाव तिच्याकडे येतो, आणि तिला कसं काय म्हणून विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मीही विचारलं नाही.

मी नांदेडहून गेलो तो हा कागद काढून त्या जागी स्क्रीन बसवायला. जमिनीतला सेन्सर जी हालचाल टिपेल ती त्याच क्षणी स्क्रीनवर रेघ होऊन सरकायला हवी, एवढं माझं काम. त्या वर्षी गावात दोनच विषय होते, टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. बाईंचा विषय तिसराच होता, सासू.

त्र्याण्णवच्या भूकंपात बाईंच्या घरातली तिघं गेली. त्या रात्री त्या माहेरी, निलंग्याला होत्या. सकाळी धावत आल्या तर सासूचा आवाज मातीखालून येत होता. हातांनी उकरून तिला बाहेर काढायला दुपार झाली. तेव्हापासून म्हातारी कधी घरात झोपली नव्हती. आता तिला दम्याने धरलं होतं आणि अजून एक हिवाळा अंगणात काढला तर काही खरं नाही, असं डॉक्टर सांगून बसले होते.

"कागद तिला समजत न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमची रेघ चालताना दिसंल. जमीन निजलेली तिनं डोळ्यानं बघितली तर येईल आत."

स्क्रीन सुरू झाला त्या दिवशी बाईंनी म्हातारीला जीपमधून आणलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा. रेघ छान सरळ चालली होती. मग ती एकदम फुगली आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. म्हातारीने काठी उचलली आणि बाहेर पडली.

रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला होता, बाकी काही नाही. हालचाल बारीक असली की माझा स्क्रीन ती आपोआप मोठी करून दाखवायचा, काही नजरेतून सुटू नये म्हणून. या करामतीचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या.

"साहेब, रेघ खरी हाय. पण तुमी डासाला भिंग लावून दाखवून राहिलात. बारीक ते बारीकच दिसू द्या."

पुढचे आठ दिवस त्या माझ्या मानगुटीवर बसल्या. माप एकच ठेवायला लावलं. रेघेखाली लिहायला जागा मागितली, आणि रेघ हलली की कशाने ते एका बोटाने टाइप करू लागल्या. 'टँकर'. 'बोअरची गाडी'. 'शाळा सुटली'. उद्या म्हशीचंही नाव लिहाल, असं मी म्हटलं, तर म्हशीला वजन असेल तर का नाही लिहायचं, असं त्यांनी मलाच विचारलं.

म्हातारीला पुन्हा आणायला महिना गेला. टँकर आला, रेघ किंचित थरथरली. बाईंनी 'टँकर' लिहून मोठ्याने वाचून दाखवलं. टँकर गेला, रेघ सरळ झाली. म्हातारी उठली आणि तिने जमिनीवर काठी आपटली. रेघ केसभर हलली. तिने पुन्हा आपटली.

"मीच हालविली व्हय?"

"हाव, आत्याबाई. तुमीच."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. त्याच आठवड्यात तिची बाज घरात गेली. बाईंनी मला धपाटे खाऊ घातले, आणि मी नांदेडला परतलो तो मोठा पराक्रम केल्यासारखा.

बाई गेल्या वर्षी वारल्या. चार दिवसांचा ताप काय तो झाला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हातारी आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. तुम्हाला घरात आणलं हे बाईंनी फार मोठं काम केलं, असं काहीतरी मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मला आणलं. ती कुठं आली आत?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"मला झोप लागली की अंगणात जायची निजाया. रोज. मी लई बोलले तिला. म्हणायची, आत्याबाई, एक माणूस बाहेर पायजे. न्हाईतर उकरंल कोन?"