काळा चष्मा उतरवला तेव्हा

“मावशी, तुमचे डोळे पूर्ण गेले असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी असं विचारलं तेव्हा मला रागच आला. जिला दिवस उगवला की मावळला ते दिसत नाही, तिची ही चेष्टा! मी म्हटलं, “सांगायला कशाला पायजे कुनी? मलाच दिसून न्हाई राह्यलं.” शेजारी बसलेल्या माझ्या मुलानं, दत्तानं, माझा हात दाबला. हात दाबला म्हणजे गप्प बस, एवढं मला न बघताही कळतं.

ज्यांच्या घरी दृष्टी गेलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहवून घेते आहे.

आष्टीत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून ती मीच चालवते. माझा आजार तरुणपणीच सुरू झाला होता. दिवे लागायच्या वेळी मी उंबऱ्याला ठेचकाळायची, आणि सासूबाई म्हणायच्या, हिचं लक्षच नसतं. पुढे बाजूचं दिसेना, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. पन्नाशी उलटल्यावर उरलेलंही गेलं. रडले नाही असं नाही. पण गिरणी सोडली नाही. पीठ चिमटीत धरलं की बारीक की भरड ते समजतं, आणि दगडाचा आवाज बदलला की त्याला छिन्नीनं टाकी लावून खरखरीत करायची वेळ झाली हेही समजतं.

दृष्टी गेली तसा दत्तानं बाजारातून काळा चष्मा आणला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आमच्याकडे माणसाला काळा चष्मा लावून अंधाऱ्या खोलीत बसवतात. तीच पद्धत त्यानं मला लावली, अगदी मायेनं. मीही दिवसभर तो चष्मा घालून घरात, नाहीतर गिरणीच्या पत्र्याखाली पोत्यांच्या आड बसायची. आंधळ्याला उजेड काय नि अंधार काय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग झोप बिघडली. रात्र टक्क जागी आणि दिवसा पेंग. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, एकीनं तर उशाला विळा ठेवायला सांगितला. मी म्हटलं, झोपेत हात कापून घेऊ का? अशातच एका दुपारी चालू पट्ट्याजवळ माझा डोळा लागला. पदर पट्ट्यापासून वीतभर लांब होता म्हणे. दळण घ्यायला आलेल्या बाईनं ओरडत जाऊन मोटर बंद केली.

दत्ता त्या दिवशी जेवला नाही. “आई, बास झालं. गिरणी ईकून टाकू. मला तू पायजेस, गिरणी न्हाई.”

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. गिरणी गेली असती तर मी बाजेवरचं गाठोडं होऊन पडले असते, आणि मला त्याची मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती. विकायच्या आधी झोपेचं डॉक्टरला विचारू, अशी अट मी घातली. म्हणून आम्ही जालन्याला आलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दिसण्याचं काम रॉड आणि कोन या दोन तऱ्हेच्या पेशी करतात. रॉड मंद उजेडात कामाला येतात, कोन लख्ख उजेडात आणि रंगांना. रॉडमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रोटीन, म्हणजे प्रथिन असतं. त्याच्यावर उजेड पडला की त्याचा आकार बदलतो. ते शेजारच्या प्रोटीनला जागं करतं, ते पुढच्याला, आणि शेवटी पेशीची बारीक दारं मिटतात. दारं मिटली, की मेंदूला निरोप गेला.

“म्हंजी मोटर पट्टा वढती, पट्टा चाक फिरवतो आन् चाक दगड,” मी म्हटलं.

“बरोबर. तुमच्या या दोन्ही गिरण्या बंद पडल्यात. पण तिसरी चालू असावी.”

पडद्याच्या आतल्या थरात थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं प्रोटीन असतं. ते निळसर उजेडानं जागं होतं आणि त्याच्या साखळीच्या शेवटी दारं मिटत नाहीत, उघडतात. त्यातून चित्र दिसत नाही. दिवस आहे की रात्र, एवढंच ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतं. माणूस, गाय, उंदीर, पिल्लाला दूध पाजणाऱ्या साऱ्यांच्या डोळ्यांत ते असतं. माझ्या आजारात त्या पेशी बहुधा वाचतात.

मग त्यांनी खोलीत अंधार केला आणि माझ्या डोळ्यांवर निळा दिवा धरला. मला काहीच दिसलं नाही. दत्ताला त्यांनी जवळ बोलावलं.

“आई! तुझी बाहुली लहान व्हऊन राह्यली!” तो ओरडला. दिवा विझल्यावरही ती बराच वेळ तशीच राहिली म्हणे. इतकी वर्षं माझे डोळे इमानानं काम करत होते आणि मीच त्यांना मेलेले समजत होते. मी तिथंच हमसून रडले, आनंदानं.

काळ्या चष्म्यानं आणि अंधारानं घड्याळाला जाणारा निरोपच अडवला होता, म्हणून झोप बिघडली होती. उपाय साधा होता. चष्मा काढायचा. सकाळी अंगणात उजेडात बसायचं, पण सूर्याकडे तोंड करून नाही. रात्री दिवे मालवायचे. दत्तानं महिनाभराची मुदत दिली. या काळात तो गिरणीत माझ्यावर गुपचूप पाळत ठेवायचा, पण त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास मला दारातूनच यायचा. झोप एकदम आली नाही, हळूहळू रांगेला लागली. दिवसाची पेंग गेली.

प्रत्येकाचा डोळा सारखा नसतो. काचबिंदूत या पेशींनाही मार बसतो. तेव्हा आधी डॉक्टरला विचारा, पण आपल्या माणसाला परस्पर अंधारात बसवू नका. माझं उरलेलं आयुष्य त्या डॉक्टरीणबाईंनी मला परत दिलं, असं मी मानते.

महिना सरला आणि परतूरहून एक माणूस गिरणी बघायला आला. दत्तानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मोटर चालू होती, मी हायब्रीड ज्वारी दळत होते. त्यानं विचारलं, “गिरणी ईकायची म्हनले व्हते ना?”

दत्ता म्हणाला, “मालकीन बसली हाये समोर. तिलाच विचारा.”

मी पीठ चिमटीत चोळलं आणि म्हटलं, “दळन आनलं असंल तर ठिवा. नंबर लागंल.”