नेडीनच्या पिकअपची जांभळी पाटी

…अगं ते खोडू नकोस, आजी बोलते तसंच लिही. तर ऑर्विलच्या मयतीचं सांगत होते.

आपल्या ह्या डोंगरात ऑर्विलची पिकअप कोण ओळखत नव्हतं? मागे ती नंबराची पाटी, जांभळ्या हृदयाच्या पदकाची. लढाईत जखमी झालेल्या सैनिकालाच सरकार देतं ती, उगाच कुणाला नाही. ऑर्विल लंगडायचा. पाटी दिसली, लंगडा पाय दिसला, गावाने काय ते ठरवून टाकलं. हॉटेलात त्याच्या अंड्यांचे पैसे दुसराच कुणीतरी द्यायचा. पेट्रोल भरताना पोरं टोपी काढायची. लढाईचं विचारलं की म्हणायचा, "जाऊ दे रे ते." आम्ही म्हणायचो, बघा, जरासुद्धा बढाई नाही!

त्याची बायको नेडीन, ओहायोकडून लग्न होऊन आलेली. शाळेची बस चालवायची. कुणी पाटी बघून म्हणालं, "नवऱ्याला आमचा सलाम सांगा हं," की म्हणायची, "सांगते की." बस्स.

त्या दिवशी चर्चमध्ये तुझा कर्टिस मामा आणि माजी सैनिकांच्या मंडळाचे सगळे कडक इस्त्रीचे कोट घालून उभे. सैनिकाच्या पेटीवर घालतात तो झेंडा घेतला पसरायला. फौजेचे कागद कोण मागतो? सगळ्यांनी इतकी वर्षं पाटी बघितलेली. तेवढ्यात नेडीन उठली.

"कर्टिस, तो झेंडा काढ."

"अहो नेडीनमावशी, मान आहे तो त्यांचा."

"नाही रे. ऑर्विल फौजेत नव्हताच कधी. पाय जन्मापासून आखूड. भरतीच्या दारातूनच परत पाठवलं त्याला."

माझ्या हातातला पंखा खाली पडला! मागून डेलबर्ट ओरडला, "म्हणजे पाटी खोटी? अन् मी ह्याला नाश्ते चारले?"

"पाटी खरी आहे," नेडीन म्हणाली. "माझी आहे. व्हिएतनामला फौजेत नर्स होते मी. दवाखान्यावर गोळा पडला, त्याचे तुकडे अजून पाठीत आहेत."

शेजारीण मी तिची. एका टोपल्यातल्या शेंगा सोलल्या आम्ही, एकमेकींची बाळंतपणं केली, आणि मला पत्ता नाही? तिथेच म्हटलं, "अगं मेले, मला तरी सांगायचंस!"

"विचारलंस कधी? जो तो त्याचंच विचारायचा. ह्याचा भाऊ लढाईत मेला आणि ह्याला गाव घरकोंबडा म्हणायचं. पाटी लागली नि बोलणी थांबली. मग मी कशाला तोंड उघडू? पण झेंड्याखाली नाही जायचा तो. शेवटी त्यानेच बजावलंय, एवढं खोटं माझ्या अंगावर घालू नकोस म्हणून."

मामाने झेंड्याची घडी केली. आणि काय सांगू, एवढं ऐकून तो झेंडा काखेत मारून घरी गेला! एकानेही तिला सलाम ठोकला नाही. डोकी सुन्न झाली असतील, माझंही झालं होतं. पण आता चार दिवस झाले की गं! तिची तब्येत बरी नाही, डॉक्टर काही धड बोलत नाहीत. उद्या तिचं बरंवाईट झालं तर पुन्हा 'ऑर्विलची बायको' म्हणूनच पुरणार का तिला?

तर हे लिहिणं राहू दे. आधी मामाला फोन लाव. म्हणावं, आजीने सांगितलंय, मंडळाची सगळी माणसं घे, नेडीनमावशीच्या दारात जा, सलाम कर आणि तिचं नाव मंडळात घाल. आणि सकाळीच जा म्हणावं, दुपारी ती झोपते.