गाडी बघायला चाचा

"गाडी गरम हाय भाऊ. उद्या येतो."

इंजिनवर तळहात ठेवून चाचा एवढंच म्हणायचे आणि चालू लागायचे. जुनी गाडी विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे ती पहिल्याच किकला सुरू होते. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतून ते असे तीन दिवस परत फिरले. चौथ्या दिवशी सकाळी सहालाच पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. मालक डोळे चोळत खाली आला. अठराव्या किकला गाडी सुरू झाली. चाचा बोटांवर मोजत होते.

ते मूळचे परभणीकडचे. चाकणच्या आमच्या कारखान्यात माल तपासायचे. मी त्याच शिफ्टला. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा धरायचा. दुसऱ्याची खरेदी स्वतःची समजणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मला कॉलेजपासून एक टू-स्ट्रोक स्पोर्ट गाडी हवी होती. ती बनायची कधीच बंद झालेली. शेवटी मोशीत एक सापडली, चाचांना घेऊन बघायला गेलो. लाल रंग, चकचकीत टाकी. मनात तर मी ती फाटकातूनच घेऊन टाकली.

इंजिन थंड होतं. चाचांनी कागदावरचा आणि चेसिसवरचा नंबर जुळवला. टाकीत बॅटरी मारून गंज पाहिला, पुढच्या चाकाच्या दोन नळ्या सरळ आहेत का ते डोळा बारीक करून बघितलं. सगळं ठीक. मग हँडल वळवून जे खाली वाकले, ते उठेचनात. हेडलाइटच्या मागे, हँडल जिथे बसतं त्या चेसिसच्या मानेवर, रंग जरा नवा होता. नखाने खरवडला, तर आतून वेल्डिंगची खडबडीत रेघ निघाली.

"मान मोडलेली हाय हिची."

"पण जोडलीय ना चाचा!" माझा आवाज चढला.

"जोरात असताना ब्रेक मारला अन् जोड सुटला, तर तुम्ही पुढच्या चाकासंगं जाणार का मागच्या?"

गाडीवाला भडकला. मोशीचाच तरुण, घराखालीच त्याचं किराणा दुकान.

"मला कुणी सांगितलं व्हतं का? मी बी फसलोच की! न्हाई घ्यायची तर निघा, गिऱ्हाईकं लई हायेत."

"तुला सांगितलं न्हाई म्हणून तू फसला. आता पुढच्याला फसवायचं?"

"तुमचं काय जातंय?"

चाचा तिथून निघाले. पण पुढच्या रविवारी मला घेऊन त्याच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. गाडी बघायला कुणी आलं की उठायचे, हँडल वळवून ती रेघ दाखवायचे आणि परत येऊन बसायचे. गाडीवाल्याने शिव्या दिल्या, पोलिसांची भीती घातली.

"बोलव. त्यांनाबी दाखवतो."

मी लाजेने अर्धा झालो. "चाचा, पुरे आता."

"तुम्ही जा भाऊ. मी डबा आणलाय."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर मूल. चाचा उठणार, एवढ्यात गाडीवालाच पुढे झाला. त्याने मुलाकडे पाहिलं, मग स्वतःच हँडल वळवलं.

"ही न्हाई विकायची दादा. मान तुटल्याली हाय."

त्या दुपारी इंजिन आणि टाकी काढून ठेवून चाचांनी आणि त्याने आळीपाळीने करवत चालवली आणि चेसिसचे दोन तुकडे केले. पुन्हा कुणी जोडायला नको. नंतर गाडीवाल्याने आम्हाला चहा पाजला. चाचांना दोन कप.

मला तशी गाडी आठ महिन्यांनी मिळाली. रंग मातकट, पण चाचांनी पास केलेली. अजून चालवतोय.

यंदा चाचा निवृत्त झाले. गावी निघाले त्या दिवशी सामानाचा टेम्पो भरून तयार होता, चाची पुढे बसल्या होत्या, आणि चाचा टेम्पोखाली. ड्रायव्हर वैतागून बिडी ओढत होता. मागचा एक दिवा लागत नव्हता. तो बदलून घेतल्यावरच ते चढले.

टेम्पो निघाला. मी हात हलवला. पन्नास पावलांवर टेम्पो थांबला. चाचा उतरले, चारही टायर बघितले, दोरी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून ओरडले, "काय झालं?"

"काही नाही चाचा!"

"मग हात कशाला केला?"

मी नुसताच हात हलवत राहिलो. मग चाचांनीही हात वर केला.