डोंगरावरचा टँकर आणि नवा फिल्टर

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीला आमचा टँकर पाणी पुरवायचा. त्या चढावर एक वळण आहे. तिथे रस्ता एकदम उभा होतो, एका बाजूला घरांचे ओटे आणि दुसऱ्या बाजूला उघडं गटार. गेल्या मार्चपासून भरलेला टँकर त्या वळणावर अडायला लागला. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या गिअरवर यायचे, गाडी कण्हत कण्हत थोडी चढायची आणि बंद पडायची. दोनदा ती मागे घसरली. दुसऱ्या वेळी मागे हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. कोणाला लागलं नाही, पण वस्तीच्या कमिटीतल्या एकाने अप्पांना बाजूला घेतलं. "काका, महिनाअखेरपर्यंत बघतो. गाडी चढत नसेल तर दुसरा टँकर लावावा लागेल."

अप्पा एकसष्ट वर्षांचे होते. जालन्याकडून आले तेव्हापासून त्यांनी गाडीच चालवली होती. काम नसलेले अप्पा कसे दिसतात हे मी टाळेबंदीत पाहिलं होतं. रोज सकाळी उठून उभा टँकर पुसायचे, मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली तर 'हं' म्हणायचे आणि यायचे नाहीत. अजून महिनाभर हे चाललं तर हा माणूस हाती लागायचा नाही, असं आई तेव्हा म्हणाली होती. त्यामुळे कमिटीचा निरोप मी मनावर घेतला. कसंही करून टँकर चढायला हवा होता.

"दम कोंडलाय तिचा," अप्पा म्हणाले. "इंजिनाला हवा मिळंना झालीय."

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका लहान कारखान्यात सुटे भाग तपासते. हातात दिवसभर मापं घ्यायचा व्हर्नियर. मोजल्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवत नाही, मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेते, म्हणून आई चिडते. पण अप्पांचं म्हणणं मात्र मी न मोजता मान्य केलं. ते गाडीबद्दल कधी चुकले नव्हते.

मग मी व्हिडिओ बघत सुटले. जुन्या ट्रकचा हवेच्या फिल्टरचा मूळ डबा काढायचा, त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर आणि रुंद पाइप बसवायचा, की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि ताकद वाढते, असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता. एकानेही भरलेली गाडी चढावर नेऊन दाखवली नव्हती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कांजूरमार्गचा आमचा मेकॅनिक ऐकून हसला. "ताई, चढावर काळा धूर मारते का गाडी?"

"नाही."

"मग हवेचा लोचाच नाही ना! हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर येतो. धूर नाही म्हणजे डिझेलच कमी जातंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग डिझेलचा पंप बघा."

"बघितला. झकास आहे. डिझेल फिल्टर नवा टाकला. मी स्वतः सपाटीला चालवून बघितली, ओढायला काही कमी वाटत नाही. हा बाहेरचा फिल्टर लावून आवाज वाढेल, बस. नुसत्या हवेने गाडी चढत नाही, यार."

मला राग आला. त्याचं काय जात होतं? मी कारखान्यातून ॲल्युमिनियमचा पाइप स्वतः वळवून आणला, फिल्टर विकत आणला आणि रविवारी त्याच्याच हातून बसवून घेतला. अप्पांनी गाडी चालू केली आणि सबंध गल्ली वळून बघायला लागली. इंजिन फुत्कारत होतं. अप्पांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. "ऐकलंस का?" ते म्हणाले. "आता कशी बोलती झाली!"

सोमवारपासून मी रजा टाकली आणि फोनवर वेळ लावून वळणाशी एका ओट्यावर उभी राहिले; तिथून पायथाही दिसतो आणि वरची टाकीही. भरलेल्या टँकरचं वजन रोज तेवढंच, रस्ता तोच, चालवणारा तोच. तपासणीला याहून चांगली सोय नाही. जुन्या फिल्टरवर, गाडी बंद पडली नाही तर, पायथ्यापासून वरच्या टाकीपर्यंत चार मिनिटं लागायची, हे मी आदल्या आठवड्यात मोजलं होतं. नव्या फिल्टरवर आवाज दुप्पट झाला आणि लागली पाच. वळणावर तर गाडी इतकी मंदावली की एक कोंबडी तिच्यापुढून निवांत चालत गेली. मंगळवारीही तेच. बुधवारी जुना डबा परत बसवला, तर पुन्हा चार. मला रडू यायचं बाकी राहिलं. नवा फिल्टर लावून एखाद्या वेळी काहीच फरक पडणार नाही, हे मी समजू शकत होते. गाडी आणखी हळू का व्हावी?

अप्पांना आकडे सांगितले तर ते उखडले. "घड्याळ बघून गाडी कळत नसते. आवाज ऐक की तिचा! लाव तो परत." लावला. महिना संपायला तीन दिवस उरले होते. आई काळजीने न जेवता झोपायला लागली होती आणि राग काढायला मला कोणी मिळत नव्हतं.

रेसच्या पायडलपासून डिझेलच्या पंपापर्यंतची तार ढिली असेल का, हा शेवटचा विचार होता. ती चढावरच, गाडी ओढत असतानाच बघायला हवी होती. गुरुवारी सकाळी मी केबिनमध्ये दोन सीटच्या मधे, इंजिनच्या झाकणावर टाकलेल्या गादीवर बसले. समोर काचेला पंचशीलाची छोटी पताका हलत होती. वळण आलं तशी मी फोनचा टॉर्च लावून स्टिअरिंगखाली वाकले. चालत्या गाडीत हा शुद्ध मूर्खपणा होता, पण मला काही सुचत नव्हतं.

तार ताठ होती. पायडल मात्र अर्ध्यावर होतं.

"अप्पा, पूर्ण रेस द्या."

"पूर्णच दिलीय. अजून कुठं देऊ?"

मी टॉर्च जवळ नेला. त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती निसटून ब्रेकच्या पायडलखाली गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. उघडा पाय पायडलवर नुसता ठेवल्यासारखा होता. तळव्याच्या कडेला, इंजिनच्या तापलेल्या पत्र्याला टेकत होता तिथे, दोन रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला होता, आणि तो फुटलेला होता.

मी आधी चप्पल ओढून काढली. मग हाताने त्यांचा पाय धरला आणि पायडल तळापर्यंत दाबलं. टँकर गरजला. मागे काळा धूर उठला असणार, कारण कोणीतरी 'धूर, धूर' करत ओरडलं. आणि ते वळण गाडीने एका दमात पार केलं.

"बघ!" अप्पा वरून ओरडले. "बघ, बघ! चढली! तुझ्या फिल्टरनं काम केलं गं!"

माझा हात त्यांच्या पायावर तसाच होता.

अप्पांना साखरेचा आजार होऊन अकरा वर्षं झाली होती. पायाची जाणीव जाते हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. पाय कळत नव्हता म्हणून अप्पा कधीपासून कानाने गाडी चालवत होते. इंजिन अमुक इतकं गरजलं म्हणजे रेस पुरी, असा त्यांचा हिशेब. मी आवाज वाढवून दिला, तेव्हा त्यांनी पाय आणखी आधीच थांबवला. एवढी साधी गोष्ट. चोर सोडून संन्याशाला फाशी देत मी आठवडा घालवला होता. आणि तोच पाय ब्रेकवर जात होता. हंडे घेऊन उभ्या असलेल्या त्या बायका मला आठवल्या.

वर पोचल्यावर पाइप लागले, बायकांची झुंबड उडाली. अप्पा टाकीच्या कठड्यावर बसून कमिटीवाल्याला सांगत होते, "पोरीनं बसवला. आता दहा वर्षं बघायला नको." कमिटीवाला खूश होता. मी पुढेही गप्प राहिले असते तर काम टिकलं असतं. मला गप्प बसायचं होतं, हे मी लपवत नाही. तो माणूस पाण्याकडे गेला तोवर मी गप्पच होते.

मग मी अप्पांच्या समोर खाली बसले.

"अप्पा, डोळे मिटा. मी बोटाला हात लावते, कुठलं ते सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा ना."

त्यांनी हसत डोळे मिटले. मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. हात पुढे करायचं बळ माझ्यात नव्हतं. दोन्ही हात मांडीवर धरून मी बसून राहिले.

"करंगळी," अप्पा म्हणाले.

मी मांडीवरचे हात उचलले नाहीत.

"मग अंगठा. अंगठा आहे."

मग त्यांनी डोळे उघडले. माझे हात कुठे आहेत ते पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं, तो फोडही पाहिला. बायका भांडत होत्या, पाण्याची धार बारीक होत चालली होती.

"मग आता खाली कोण नेणार गं गाडी?" अप्पांनी विचारलं.